क्यूएमयूवर पास, बोर्डावर नापास, अन् वरून विचारतात स्टेटस काय

तीन रात्री. तीन रात्री घातल्या मी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडमधल्या दोन ओळींसाठी, अन् सकाळी पुण्यावरून टीम लीडचा मेसेज काय, तर 'क्यूएमयूवर पास आहे ना, मग क्लोज कर की'. क्लोज कर म्हणे! क्यूएमयू म्हणजे लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. कस्टमरच्या हातात काय क्यूएमयू देणारे का रे तुम्ही? त्याच्या हातात खरा आर्म प्रोसेसरवाला बोर्ड जाणार, अन् बोर्ड तर इथं परभणीत माझ्या टेबलावर मरून पडलाय.

क्यूएमयूला मी नावं ठेवत नाही बरंका. फाब्रिस बेलार्डने २००३ला ते आणलं नसतं तर माझ्यासारख्याने घरी बसून कर्नलचं काम केलंच नसतं. पण त्या सॉफ्टवेअरवाल्या प्रोसेसरात कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) नावाची भानगडच नसते, कॅश साफ करायची इन्स्ट्रक्शन तुम्ही पार विसरलात तरी तिथं सगळं गोडीगुलाबीने चालतं. अन् दुसरं म्हणजे माझा लॅपटॉप एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीवाला प्रोसेसर. एक्स८६ मध्ये एका कोरने (प्रोसेसरातला एक कामकरी भाग) मेमरीत आधी हे लिहिलं मग ते लिहिलं, तर दुसऱ्या कोरला त्याच क्रमाने दिसतं. आर्म असला काही शब्द देत नाही, तो सोयीने मागंपुढं करतो. पण त्याच आर्मला एक्स८६ च्या लॅपटॉपवर नक्कल करून चालवलं की हेडमास्तर दारात उभे असल्यावर पोरं बसतात तसा हाताची घडी घालून बसतो. मग टेस्ट पास होणार नाही तर काय होणार.

माझा बग काय होता ते मोंढ्याच्या भाषेत सांगतो, आमच्या घरी तसंच सांगावं लागलं. समजा एक कोर म्हणजे हमाल, त्याने आधी सोयाबीनचे कट्टे उतरवायचे अन् मग पट्टी फाडून द्यायची. दुसरा कोर पट्टी बघतो अन् कट्टे उचलायला जातो. आता आर्मवर काय झालं, तर पट्टी आधी पोचली अन् कट्टे अजून टेम्पोतच. दुसऱ्याने जाऊन तिथं जे काय जुनं भुसकट पडलं होतं तेच सोयाबीन समजून उचललं, अन् कर्नल पॅनिक, म्हणजे अख्खी सिस्टिमच ठप्प. तर पहिल्याने पट्टी द्यायच्या आधी थांबून कट्टे उतरलेत याची खात्री करायची, अन् दुसऱ्याने पट्टी बघितल्यावर मगच कट्ट्याला हात लावायचा, दोन्हीकडे बॅरियर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी इन्स्ट्रक्शन, लागतो. दोन ओळी. बास.

पण ह्या दोन ओळी सापडायच्या कशा? एका कोरवर बूट केलं की बग नाही. चार कोरवर, पण डीबग बिल्ड (चुका शोधायची सावकाश आवृत्ती) केलं की बग नाही. जुना बोर्ड कॉर्टेक्स ए-५३ वाला, तो इन-ऑर्डर, म्हणजे क्रमाने काम करणारा कोर, त्याच्यावर अख्खी रात्र लूप लावला तरी एकदाही नाही. दुसरा ए-७२, आउट-ऑफ-ऑर्डर, म्हणजे कामं सोयीने मागंपुढं करणारा, त्याच्यावर कधी दहा मिनिटांत, कधी चार तासांत. मग म्हटलं दोन प्रिंट टाकून बघू, तर बग गायब! कामून? तर बोर्डाचे मेसेज केबलवरून दाखवणारा सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर (सेकंदाला इतके बिट), म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ जायला जवळपास ७ मिलिसेकंद, अन् १ गिगाहर्ट्झच्या कोरसाठी ७ मिलिसेकंद म्हणजे ७० लाख सायकल. तेवढ्यात कट्टे उतरून, मोजून, गोदामात थप्पी लागून होते. प्रिंट काढला की परत पॅनिक. च्यायला, बघायला गेलं की लपतो!

अन् वर हा उन्हाळा. दुपारी ४३ च्या वर पारा, पत्र्याची खोली, कूलर बोर्डावर रोखून लावलाय अन् मी घामाने निथळतोय. बोर्ड तापला की स्वतःच क्लॉक खाली आणतो, कोर सावकाश चालतात, टायमिंग बदलतं अन् बग झोपतो. दुपारभर सगळं हिरवंगार. रात्री दोनला हवा जरा गार झाली की धाडकन. म्हणून मी रात्री जागतो. माय म्हणते, "का रं, दिसभर लोळतूस अन् रातच्याला त्या लाल दिव्याकडं बघत बसतूस, कुनाला दाखवून आनू का तुला?" काय सांगू तिला.

केबलची तर वेगळीच कथा. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतो आपण छाती फुगवून, पण स्टेशन रोडवर यूएसबी-टू-सीरियल केबल मागितली तर प्रिंटरची केबल हातात. शेवटी ऑनलाइन मागवली, आठ दिवसांनी आली, ती निघाली ५ व्होल्टची, बोर्डाच्या पिना ३.३ च्या. बघूनच लावली म्हणून वाचलो.

आता ह्या दोन ओळी टाकल्यावर सगळं परत तपासायचं. दोन बोर्ड, ४ केबी अन् ६४ केबी अशा दोन पेज साइझ (मेमरीचे तुकडे पाडायचं माप), १-२-४ कोर, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं घेणं) चालू-बंद, डीबग-रिलीझ. झाले ४८. एकेकाला २५ मिनिटं धरा, सलग २० तास. ह्या दोन्ही कोरला १६ केबीची पेज येतच नाही म्हणून सुटलो, नाहीतर ७२ वर गेलं असतं. अन् सलग २० तास लाइट कुठं असते हो आमच्याकडं? गेली की इन्व्हर्टरवर यायच्या आत बोर्ड रिसेट, एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम बोंबलली, परत कार्ड लिहा. तिसरा बोर्ड मागितला तर बजेट नाही, अन् त्याच मीटिंगमध्ये 'पुढच्या क्वार्टरला रिस्क-फाइव्ह पण सपोर्ट करू', म्हणजे अजून एक वेगळ्याच जातीचा प्रोसेसर. कशावर टेस्ट करू, तव्यावर?

लिनक्सवाल्यांचा हेवा वाटतो कधीकधी. १९९१ ला इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्म झाला, त्याच ३८६ ला २०१२ च्या डिसेंबरात रामराम केला, कारण त्याच्यात कंपेअर-एक्स्चेंजची (किंमत तपासून एका दमात बदलायची) इन्स्ट्रक्शनच नव्हती अन् मल्टिकोरच्या कामात दरवेळी त्याच्यासाठी वेगळी सोय करत बसा. जुनं म्हणून काढून टाकलं, विषय संपला. आमचा ए-५३ काढू म्हटलं तर सेल्सवाल्याला झटका येतो.

असो, दोन ओळींचा पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवला. सगळे आकडे, लॉग, कुठं-कसं-कितीदा फुटलं, सगळं लिहून. रिव्ह्यूत कमेंट एकच आली, 'मी माझ्या लॅपटॉपवर ह्या दोन्ही ओळी काढून बघितल्या, काही फरक पडत नाही, काढून टाकू या का?'

टाळकं सटकलं. तरी पाणी पिऊन आलो, अन् शांतपणे ती मोंढ्याची गोष्ट हमालापासून भुसकटापर्यंत पूर्ण टाइप करून पाठवली. अर्ध्या तासाने रिप्लाय.

'ओके. पट्टी म्हणजे काय पण?'