माइक कप्प्यातच बरा

एखाद्या मोठ्या शहराचं पोलीस खातं चालवायला मिळालं, तर प्रशासनशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचण्यात डोळे फोडू नका. शिकागोकडे बघा. तिथं सगळं करून, वापरून, वर न्यायालयातही तपासून झालंय.

सुरुवात डॅशकॅमपासून करा. गाडीत कॅमेरा बसवायला कधीही विरोध करू नका. विरोध केला की लोक संशय घेतात, बसवला की निवांत झोपतात. चित्राचीही फार धास्ती नको, मुक्या चित्राला मागून हवं ते बोलायला लावता येतं. जपायचं ते आवाजापासून. शिपायाच्या अंगावर लावायचा छोटा बिनतारी माइक असतो. पाळी सुरू होताना तो गाडीतल्या यंत्राशी जोडून घ्यावा लागतो. तेवढं विसरायचं. विसरायचाही कंटाळा आला, तर माइक डॅशबोर्डाच्या कप्प्यात टाका, सेल काढून ठेवा, नाहीतर अँटेना ‘हरवा’. हे तिन्ही प्रकार शिकागोत होऊन गेलेत. 2016 च्या सुरुवातीला बाहेर आलेल्या माहितीनुसार तिथल्या डॅशकॅमच्या सुमारे 80 टक्के फितींना आवाजच नव्हता. कारण दिलं गेलं वापरणाऱ्याची चूक. शंभरातल्या ऐंशी वेळा तीच चूक त्याच जागी होते, याला आम्ही तरी शिस्त म्हणू.

दुरुस्तीचं वेळापत्रकही जमलं पाहिजे. 2014 मध्ये एका गस्तीगाडीचा कॅमेरा तीन महिने दुरुस्तीत पडून होता. जूनमध्ये तो चालू होऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी बंद पडला. पुन्हा दुरुस्त व्हायला 8 ऑक्टोबर उजाडला. 20 ऑक्टोबरच्या रात्री त्याच गाडीतल्या शिपायानं 17 वर्षांच्या लक्वान मॅकडोनाल्डवर 16 गोळ्या झाडल्या, आणि कळण्याजोगा आवाज तेव्हाही नव्हता.

खांबावरचे माइक मात्र चालू राहू द्या. ते लोकांचं ऐकतात. गोळीचा आवाज ओळखणाऱ्या शॉटस्पॉटरसाठी शिकागोनं 2018 मध्ये तीन वर्षांचा 3 कोटी 30 लाख डॉलरचा करार केला. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात त्याचे 50,176 इशारे खरे धरले गेले. शहराच्या महानिरीक्षकांनी हिशोब केला, तेव्हा बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा हाती लागला होता 4,556 वेळा. शेवटी 2024 च्या सप्टेंबरात ते बंद झालं, पण दरम्यान ‘आधुनिकीकरण’ हा शब्द अंदाजपत्रकात चांगला शोभून दिसला.

आता पैसे. खरी कला इथं आहे. मॅकडोनाल्ड प्रकरणात कुटुंबानं दावा दाखल करायच्या आधीच शहरानं 50 लाख डॉलर देऊ केले. दावा म्हणजे साक्षी, उलटतपासणी, कागदांची मागणी, नसती डोकेदुखी. तडजोडीत एक अट घालायची, तपास संपेपर्यंत फीत बाहेर काढायची नाही. मग मुहूर्त. महापौरपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी 7 एप्रिल 2015 ला झाली, आणि 15 एप्रिलला सिटी कौन्सिलनं 47 विरुद्ध 0 मतांनी रक्कम मंजूर केली. शिपायांच्या अहवालांत मुलगा चाकू घेऊन अंगावर येत होता. फीत न्यायालयाच्या आदेशानं 24 नोव्हेंबरला बाहेर आली, तेव्हा तो दूर चाललेला दिसला. गोळ्या झाडणाऱ्या शिपायावर खुनाचा आरोपही नेमका त्याच दिवशी दाखल झाला. तेरा महिने पडून असलेला पुरावा एका दिवसात पिकला.

भरपाईची रक्कम कुठून आणायची, ही चिंता करू नका. शिपायाच्या खिशातून नाही, खात्याच्या तरतुदीतूनही शक्यतो नाही. कर्जरोखे काढा. आज मारहाण झाली, तिचं व्याज आज शाळेत जाणारी पोरं मोठी होऊन फेडतील.

ओव्हरटाइमला मर्यादा घालू नका. 2011 मध्ये हा खर्च सव्वाचार कोटी डॉलरच्या आसपास होता, 2016 पर्यंत 14 कोटींच्या वर गेला. येण्याजाण्याची नोंद कार्डानं घ्यायची नाही, कागदावर ठेवायची. 2017 च्या महानिरीक्षकांच्या अहवालात खात्यातली परिभाषाच नोंदवलीय. ‘ट्रोलिंग’ म्हणजे पाळी संपत आली की मुद्दाम एखादी गाडी अडवणं. ‘पेपर जंपिंग’ म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या अटकेच्या कागदावर आपलंही नाव घुसवणं. ‘लिंगरिंग’ म्हणजे काम संपलं तरी रेंगाळणं. ज्या चलाखीला स्वतःची परिभाषा लाभते, तिचं गुपित राहिलेलं नसतं. ती नोकरीची अट झालेली असते. तरीही तिजोरीला भोक पडलं, तर संकटाची वाट बघा. करोनाच्या मदतीतले 28 कोटी डॉलर शिकागोनं पोलिसांच्या पगाराकडे वळवले होते.

पोलिसांच्या संघटनेशी करार करताना बारीक अक्षरांवर भर द्या. गोळीबार करणाऱ्याचा जबाब चौकशी कार्यालयानं 24 तास घ्यायचा नाही. तक्रारदारानं आधी प्रतिज्ञापत्र द्यायचं. पाच वर्षांवरची तक्रारींची कागदपत्रं नष्ट करायची. (हे शेवटचं कलम 2020 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. तोवर बरीच वर्षं त्यावर निभावलं.) चौकशी मंडळावर ओरड झाली, तर त्याचं नाव बदला. शिकागोत 2007 मध्ये बदललं, 2017 मध्ये पुन्हा बदललं. पाटीच्या रंगाला फारसा खर्च येत नाही.

प्रशिक्षणही स्वस्तात होतं. केंद्रीय न्याय खात्यानं जानेवारी 2017 मध्ये लिहिलंय की प्राणघातक बळ कधी वापरावं, हे शिकवायला अकादमीत काही दशकांपूर्वीची फीत लावली होती, आजच्या कायद्याशी न जुळणारी. नवशिक्यांपैकी एकजण झोपलेला वाटला. पुढे अकादमीतून बाहेर पडलेल्यांना नियम विचारला, तर सहांतल्या एकालाच तो जवळपास बरोबर सांगता आला. फितीचं भाडं मात्र वाचलं.

पेन्शन मंडळावरची सदस्यसंख्या सम ठेवा. जॉन बर्ज या कमांडरच्या हाताखाली 1972 ते 1991 दरम्यान संशयितांचा छळ झाला. छळाचा खटला मुदतीत बसेना, म्हणून 2010 मध्ये तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरला. जानेवारी 2011 मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आणि पेन्शन बंद करायची का, हे ठरवायला आठजणांचं मंडळ बसलं. चारजण पोलिसांनी निवडलेले, चारजण महापौरांनी नेमलेले. पेन्शनच्या बाजूनं युक्तिवाद असा, की खोटी साक्ष नोकरी सुटल्यानंतरची, नोकरीशी तिचा संबंध नाही. मतं पडली 4-4, आणि पेन्शन चालू राहिली.