‘निजामाचे कागद जळाले, आता त्र्यंबकची वहीच खरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या कागदांवरून घराण्याची वंशावळ कशी शोधावी, या माझ्या लेखावर निलंगा तालुक्यातून आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रझाकारांच्या धामधुमीत दप्तरं जळाली, जी उरली ती उर्दूत, म्हणून तहसीलचे खेटे घालायला सांगणं म्हणजे लोकांना उगाच दमवणं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नोंदींच्या वहीत आठ पिढ्यांत थेट शिवकाळापर्यंतची वंशावळ मिळाली, तेवढी पुरे. शिवाय इसवी सन काढायला फसली सनात (निजामाच्या महसुली वर्षात) 590 मिळवा हा माझा हिशोब वर्षभराने चुकतो.

सनापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं निम्मं बरोबर आहे. हैदराबाद संस्थानातला फसली सन आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचा. त्यामुळे आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंत 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळवायचे. आजूर 1340 म्हणजे ऑक्टोबर 1930, पण त्याच सनातला खुर्दाद म्हणजे एप्रिल 1931. कागदावर महिना नसेल तर ‘1930-31’ असंच लिहा. मोडी कागदावर शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतलं अरबी वर्ष) असेल तर हिशोबच निराळा, तिथे 599 किंवा 600. फसली समजून 590 लावले की माणूस नऊ-दहा वर्षं आधी जन्माला येतो आणि बाप-लेकाच्या वयांचा मेळच बसत नाही.

आता जळालेल्या दप्तराबद्दल. चावडीतलं जळालं असेल, पण मोजणीचे कागद चावडीत नसतात. शेतवार पत्रक, पक्का बुक, वसूल बाकी हे सगळं भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मागायचं. आणि निलंगेकरांसाठी मुद्दाम सांगतो: निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, लातूर जिल्हा तर 1982 चा. जिल्हा पातळीवरचं जुनं प्रकरण लातूरला ‘आढळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं, तर तो नकार बीदरला विचारल्याशिवाय धरू नका. गाव जहागिरीतलं असेल तर 1949 पूर्वीचा वसूल जहागीरदाराकडे होता, तेव्हा दिवाणी, म्हणजे सरकारी, दप्तरात तुमचं नाव नसणं साहजिकच.

क्रम असा ठेवा. आजच्या सातबाऱ्यावरून मागे मागे जुने सातबारे काढा, त्यांवरच्या वर्तुळातल्या क्रमांकांच्या फेरफारांच्या, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या, नकला घ्या. वारसाच्या फेरफारात विधवा आणि मुली सापडतात. वहीत त्या क्वचितच असतात. मग 1954 चा खासरा, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमीनधारकांची नोंद. इथेच बहुतेकांची गाडी अडते: जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर आले आणि खासऱ्यात असतात जुने सर्व्हे नंबर. गटावरून सर्व्हे नंबर काढायला एकत्रीकरण योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा लागतो. तो नसेल तर दुसऱ्याच भावकीची जमीन आपली समजून तिचं झाड रंगवलं जातं. खासऱ्यात वंशावळ नसते, फक्त ‘अमुक वलद तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. एका नोंदीला दोनच पिढ्या. घराणं पाटील, देशमुख किंवा इनामदार असेल तर अतियात (इनाम-वतनाच्या) प्रकरणातला मुंतखब, म्हणजे हक्क मान्य केल्याचा दाखला, मागा, त्याच्यासोबत बहुधा शजरा (वंशवृक्ष) असतो आणि दत्तक गेलेलाही त्यात कळतो.

उर्दूची अडचण खरी आहे. घाईच्या शिकस्ता अक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळतात, मग ब, प, त, न हे शब्दाच्या मध्ये एकसारखेच दिसतात. ळ उर्दूत नाही, म्हणून काळे आणि काले एकच. उपाय एकच: वाचणाऱ्याला आपलं आडनाव आधी सांगू नका. सांगितलं की ते त्याला प्रत्येक ओळीत दिसायला लागतं.

राहिली तुमची वही. ती मोलाचीच आहे, वाद नाही. पण शिवकाळाला साडेतीनशे वर्षं झाली. पिढी अठ्ठावीस वर्षांची धरली तरी आठ पिढ्या सव्वादोनशे वर्षांपुढे जात नाहीत. चार-पाच माणसं मध्ये गळली आहेत, नाहीतर मूळपुरुष उत्तर पेशवाईतला आहे. गळण्याचं नेहमीचं कारण आपल्याच रिवाजात आहे: नातवाला आजोबाचं नाव. राणोजी बिन संताजी, संताजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन संताजी. जुनी वही जीर्ण झाली म्हणून नव्यात उतरवताना दोन राणोजींचा एक होतो. शिवाय जो यात्रेला गेला त्याचीच शाखा नोंदली जाते, घरी राहिलेल्या चुलत्याची नाही.

म्हणून पुढच्या वेळी नुसती नामावळी उतरवून आणू नका. आजच्या नव्हे, मूळ गावाच्या नावाने विचारा. यात्रेकरूने स्वतः सही करून दिलेला मूळ लेख दाखवायची विनंती करा आणि तो मूळ आहे की नक्कल, हे टिपून घ्या. प्रत्येक नावापुढे भावांची नावं उतरवा. दोन राणोजी वेगळे करायला बापाच्या नावापेक्षा भावांची नावंच जास्त कामी येतात. लेखावर तिथी नसेल तर उपाध्यायांच्या परवानगीने आधीच्या आणि नंतरच्या लेखाचाही फोटो घ्या. वह्या क्रमाने भरत गेलेल्या असल्या, तर त्या दोन तारखांमध्येच तुमचा लेख बसतो.