ब संघ वर जाणारच नसेल, तर खेळतो कशाला?

जुलै लागला की कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्याला करमत नाही. शाहू स्टेडियमवर चिखल, तालमीतली पोरं गणपतीच्या तयारीत आणि सामने थेट थंडीत. मग मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसऱ्यांचे हंगाम उसने आणावे लागतात. यंदा संज्यानं आणलाय फॅरो बेटांचा. तिकडं मार्च ते ऑक्टोबर फुटबॉल चालतं. पाऊस तिकडंही असतोच, पण मैदानं जवळपास सगळी कृत्रिम गवताची, त्यामुळं हरल्यावर चिखलाचं कारण सांगता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रात अठरा बेटं. राजा डेन्मार्कचा, घरचा कारभार स्वतःचा. माणसं चोपन्न-पंचावन्न हजार, म्हणजे आपलं जयसिंगपूर धरा. एवढ्या वस्तीत फुटबॉलच्या एकाखाली एक चार डिव्हिजन. "देश म्हणायचा का त्याला?" असं वकिलानं लगेच काढलं. (तो वकील नाही, वाद घालतो म्हणून वकील.) फिफानं १९८८ ला आणि युरोपच्या फुटबॉल महासंघानं, युएफानं, १९९० ला सदस्य करून घेतलंय, तेव्हा तो मुद्दा आम्ही तिथंच मिटवला.

भांडण लागलं ते दुसऱ्या डिव्हिजनवरून. तिचं नाव 'पहिली डाइल्ड', डाइल्ड म्हणजे डिव्हिजन. नावाला पहिली, खरी दुसरी, कारण तिच्या डोक्यावर आणखी एक आहे आणि तिला प्रायोजकाचं नाव. संज्यानं मोबाईलवर तक्ता दाखवला, तर दहातल्या बऱ्याच नावांपुढं रोमन दोनचा आकडा. एचबी दोन, केआय दोन, बी३६ दोन.

"हे आपल्यासारखं अ आणि ब काय?" पप्यानं विचारलं.

"तेच. वरच्या क्लबांचे ब संघ खालच्या डिव्हिजनात खेळतात. पण वर जाऊ शकत नाहीत. ब पहिला आला तरी त्याच्या खालचा खरा क्लब वर जातो. आणि अ संघच घसरून खाली आला, तर ब ला आणखी एक पायरी खाली ढकलतात."

पप्या पेटलाच. "मग त्यो खेळतो कशाला? वर जायचं न्हाई, चषक मिरवायचा न्हाई, नुसता दुसऱ्याच्या वाटेत आडवा! समज, अ चा स्ट्रायकर दुखापतीतनं उठला. त्याला पाय मोकळे करायला ब मधनं उतरवलं. त्या आठवड्यात समोर गावातला बारका क्लब, खाल्ले पाच गोल. पुढच्या आठवड्यात त्याच ब मधनं शाळकरी पोरं उतरली आणि दुसऱ्या क्लबाला फुकट तीन गुण. आता वर कोण जाणार ते ठरवलं कुणी?"

मुद्दा बिनतोड होता. पण अण्णा होते. अण्णा जुने गोलकीपर, गुडघे गेले पण हात अजून बोलताना बॉल धरल्यासारखे पुढं येतात.

"पप्या, ब संघ काढलास तर राहतं काय? वरचे दहा गेले की खाली स्वतःच्या नावाचे क्लब दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी काय एकमेकांचीच तोंडं बघायची?"

"वरचे पण तेच करतात की," संज्या म्हणाला. "दहा संघ, प्रत्येकाशी तीन-तीन सामने. सत्तावीस फेऱ्या."

अण्णांना फॅरो माहीत आहे ते टोपीमुळं. १२ सप्टेंबर १९९० ला या बेटांनी आपला पहिलाच स्पर्धात्मक सामना ऑस्ट्रियाशी खेळला आणि १-० नं जिंकला. सामना झाला स्वीडनमधल्या लांड्सक्रोनाला, कारण घरी खऱ्या गवताचं मैदानच नव्हतं. गोल मारणारा तॉर्किल निल्सन लाकडं विकायचा. आणि गोलमध्ये येन्स मार्टिन क्नुडसन, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी घालून. अण्णांनीही त्यानंतर एक हंगाम कानटोपी घालून काढला म्हणतात. ते स्वतः नाकारतात.

"ज्यांच्याकडं १९४४ ला स्पर्धा का झाली न्हाई, तर बॉलच नव्हते," अण्णा पुढं म्हणाले, "त्यांना तू नियम शिकवणार?" हे खरं आहे. महायुद्ध चालू, बेटांवर ब्रिटिश सैन्य, आणि लीग रद्द झाली ती चेंडू मिळेनात म्हणून. १९४२ ला सुरू झालेली लीग तिसऱ्याच वर्षी अशी अडली.

वकिलानं मग आपला फाटा काढला. म्हणे, ब संघ नको असतील तर गावांनी एक व्हावं. चार बारक्या क्लबांचा एक मोठा. आणि हे तिथं झालंय. एइदी गावाचा क्लब आणि स्ट्रेयमूर एक झाले, आणि त्या जोडसंघानं २००८ आणि २०१२ ला सगळ्यांत वरची लीग मारली. गोटा आणि लेइरविक २००८ ला एक होऊन विकिंगुर झाले, तेही पुढं चॅम्पियन. (एइदीचं जुनं मैदान अगदी समुद्राला लागून. आता तिथं सामने होत नाहीत, प्रवासी तंबू आणि कॅरॅव्हान लावून राहतात. पेनल्टी स्पॉटवर झोपायचं, कल्पना करा.)

"आणि सुदुरोय?" संज्यानं विचारलं. सुदुरोय म्हणजे सगळ्यांत दक्षिणेचं बेट. राजधानी तोर्शाव्हनहून बोटीनं दोन तास, अजून बोगदा नाही. तिथला टीबी हा देशातला सगळ्यांत जुना क्लब, १८९२ चा. २०१७ ला या बेटावरच्या क्लबांनी मिळून एकच संघ उतरवला. तीन नावं तिरप्या रेघा मारून जोडलेली. टिकलं नाही. पुन्हा आपापल्या चुली वेगळ्या.

"बरोबर झालं," पप्या म्हणाला. "उद्या पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ एक करा म्हणाल."

हे दोघं म्हणजे कोल्हापुरातले हाडवैरी क्लब. यावर कट्ट्यावर जी शांतता पसरली, ती मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. संज्या आमच्यातला एकटाच शिवाजी पेठेचा, म्हणजे शिवाजी तरुण मंडळवाला. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, "नाव कुणाचं आधी येणार?"

तिथंच सगळं आलं बघा. एक होणं सोपं असतं, नाव मोडणं नसतं. सुदुरोयवाल्यांना तीन नावं लांबलचक लिहावी लागली ती त्याचमुळं.

वकिलानं सूर बदलला आणि ब संघांची बाजू घेतली. क्लाक्सविकच्या केआयचं उदाहरण दिलं. २०२३ ला केआयनं चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हंगेरीच्या फेरेन्त्सव्हारोशला बुडापेस्टमध्ये ३-० हरवलं, मग स्वीडनच्या हेकेनला पेनल्टीवर काढलं, आणि शेवटी कॉन्फरन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या नंबरच्या क्लब स्पर्धेच्या, गटात जाऊन फ्रान्सच्या लीलशी घरच्या सामन्यात बरोबरी केली. गटात पोचलेला पहिला फॅरो क्लब. "ही पोरं कुठं तयार होतात? ब मध्येच की. २०२५ च्या ऑक्टोबरात चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं देशानं. ते आकाशातनं पडलं काय?"

"आणि गटात गेल्याचा पैसा कुणाला मिळाला?" पप्या. "केआयला. मग केआयचा ब पण तगडा. आणि त्यो जाऊन कुणाला मारणार? खालच्या गरिबाला."

मी इतका वेळ गप्प होतो. माझं मत पप्याच्या बाजूचं, पण कारण वेगळं. ब संघातल्या पोराला ब संघ जिंकला काय नि हरला काय, त्याचं लक्ष अ वर. समोरचा गावचा क्लब मात्र गुणांसाठी खेळतोय. एकाच मैदानावर दोघं दोन वेगळे खेळ खेळताहेत.

अण्णा हसले. "बरोबर हाय. ब चा फॉरवर्ड बॉल कधी देत न्हाई, दहातनं आठदा सोता मारतो. दाखवायचं असतं ना. आम्हा गोलकीपरांना लई सोपं जायचं." मग थोडं थांबून, "पण त्यो नसता, तर त्या दिवशी माझ्या गोलवर कुणी बॉल मारलाच नसता. बसून राहिलो असतो."

आणखी एक गोष्ट संज्यानं काढली, ती मला जास्त बोचली. २०२० ला समुद्राखालून मोठा बोगदा झाला, आत चक्क गोल चौक असलेला. २०२३ च्या डिसेंबरात सांदोय बेटालाही बोगदा आला. सांदोयवर हजार-बाराशे माणसं, आणि त्यांचा बी७१ हा क्लब १९८९ ला देशाचा चॅम्पियन होता! आधी सामन्याला बोटीनं जावं लागायचं, आता गाडीत बसलं की तोर्शाव्हन. "म्हणजे सोय झाली," वकील म्हणाला. "सोय झाली," संज्या म्हणाला, "पण आता तिथला चांगला पोरगा सरावाला रोज राजधानीत जाऊ शकतो. एचबीच्या ब मध्ये. आणि तिथनं येऊन बी७१ विरुद्ध खेळणार." बोटीचा त्रास होता तोवर गावाचा पोरगा गावात राहायचा, असं त्याचं म्हणणं. हे कुणालाच खोडता आलं नाही.

पप्यानं वर्तमानपत्राची कड फाडली, पेन मागितलं आणि तक्ता उतरवून रोमन दोनवाली नावं खोडायला लागला. उरलेल्यांत खालच्या डिव्हिजनमधनं दोन क्लब वर घेतले. मोजले. सात.

"सात म्हणजे दर फेरीला एक संघ बसणार," वकील.

"बसू दे की."

"कोण?"

"पाटाकडील," संज्या म्हणाला, आणि पप्यानं पेनच फेकून मारलं.