रोजगार मेळावा की सत्कार समारंभ?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

भाचीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार मेळाव्याला गेलो होतो. आयटीआय, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, फर्स्ट क्लास. गावातून पहिली एसटी पकडून आली पोरगी. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडाटाच्या झेरॉक्स आणि लॅमिनेट केलेली मार्कशीट. वेळ दहाची. पाहुणे उगवले साडेबाराला. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषणं. तोवर एकाही स्टॉलवर मुलाखत नाही, कारण उद्घाटन व्हायचंय! पोरं उन्हात, मान्यवर कुलरसमोर.

तिचा नंबर आला तेव्हा टेबलापलीकडच्या पोराने बायोडाटा न वाचताच विचारलं, "टेलिकॉलिंग चालेल का?" ती म्हणाली, "सर, मी इलेक्ट्रिशियन आहे." तर म्हणे लेडीजसाठी सध्या तेवढंच आहे. बायोडाटा टेबलाखालच्या खोक्यात गेला. खोक्यावर चहाचे रिकामे कागदी कप होते, ते त्याने आधी बाजूला केले, एवढी सभ्यता मात्र दाखवली.

उद्या पेपरात येईल, मेळाव्याला तरुणांचा उदंड प्रतिसाद.

मला सांगा, सरकारचं काम मंडप घालणं आहे का? की प्रत्येक तालुक्याला एक कायमचं कार्यालय, त्यात पगारी, शिकलेली दोन-चार माणसं, ज्यांना आजूबाजूच्या एमआयडीसीत कोणाला वेल्डर पाहिजे, कोणाला फिटर पाहिजे हे तोंडपाठ आहे? पोराला कामाला लावायचं आणि तीन महिन्यांनी फोन करून विचारायचं, टिकलास का रे? राहायला कुठे आहेस? ठेकेदार पगार पूर्ण देतो का? याला पैसा लागतो. लागू दे. समृद्धी महामार्गाला लागला नाही का?

आणि हे काही नवीन मागत नाहीये. रोजगार विनिमय केंद्र होतंच की. एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढायला आपल्यातले किती जण रांगेत उभे होते आठवा. 1959 साली कायदा झाला होता की पंचवीस किंवा जास्त माणसं कामावर असतील तर रिकाम्या जागा या केंद्राला कळवायच्या. घेतलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती हे खरं, पण निदान कळवायचं तरी. आता त्या केंद्राच्या पाटीवर कौशल्य, उद्योजकता, मार्गदर्शन असे सगळे शब्द चढलेत, आणि आत गेलं की "पोर्टलवर नोंदणी करा." पोर्टलला काय माहीत माझ्या भाचीचं?

ही तीच पोरगी आहे जिने मागच्या उन्हाळ्यात आमच्या बोअरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून जळालेला कॉन्टॅक्टर बदलला. वायरमन चार दिवस येतो-येतो करत होता. तिला म्हणे टेलिकॉलिंग!

अजून एक. 1961 पासून ॲप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घ्यायचेच असतात, विद्यावेतन देऊन. तिच्या आयटीआयत हे कोणी नीट समजावलं नाही. समजावणार कोण? प्लेसमेंटचं काम एका शिकवणाऱ्या निदेशकाच्या गळ्यात, जादा कामगिरी म्हणून. तो बिचारा प्रॅक्टिकल घेणार की कंपन्यांना फोन करणार? त्याच्यावर नाही माझा राग.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत काम शिकणाऱ्या पोरांना शिक्षणाप्रमाणे महिना सहा, आठ, दहा हजार दिले, मुदत सहा महिन्यांची अकरा महिने केली, ठीक आहे, मान्य. त्या पैशाने काही घरं चालली. पण अकरा महिन्यांनंतर काय, याचं उत्तर त्या पोरांना आंदोलन करून विचारावं लागलं ना?

उलट सरकार बेरोजगाराकडूनच घेतं. 2023 ची तलाठी भरती आठवा. 4,644 जागा, अर्ज दहा लाखांहून जास्त, फी हजार रुपये, राखीवला नऊशे. गुणाकार तुम्हीच करा, माझं बीपी वाढतं. फॉर्म भरणाऱ्यांत ओळखीची कितीतरी पोरं होती. त्यांना तलाठी व्हायचं नव्हतंच, पण दुसरं काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. दहावीच्या निकालादिवशी जर शाळेत एक समुपदेशक बसला असता... जाऊ दे.

पैसा कुठून आणायचा असं विचारणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप काढून बघावी. पी.टी. म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना? हा व्यवसाय कर 1975 च्या कायद्याने आला आणि त्यातून रोजगार हमी चालली. वि. स. पागेंची योजना, 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली, 1977 ला तिचा कायदा झाला. दिल्लीला हे 2005 साली सुचलं. म्हणजे शहरातल्या पगारदाराने गावातल्या माणसाच्या कामासाठी पैसे द्यायचे, हे याच महाराष्ट्राने ठरवलं होतं. तेव्हा हाताला खोरं द्यायचं होतं, आता हातात आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, एवढाच फरक. मग आत्ताच का जमत नाही?

"नोकरी कशाला, धंदा करा, वडापावची गाडी टाका" हे कमेंटमध्ये लिहू नका. लिहाल तर आधी तुमच्या मुलाची गाडी कुठल्या चौकात आहे ते लिहा.

परत येताना एसटीत पोरगी काहीच बोलली नाही. तिकीट काढताना कंडक्टरला "अर्धं" म्हणाली तेवढंच. नंतर म्हणाली, "मामा, पुढच्या महिन्यात अजून एक मेळावा आहे, तुम्ही नाही आलात तरी चालेल." काय बोलणार. जाणार मी, नक्की जाणार.

तोपर्यंत एक काम करा. चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठेही मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन ॲप्रेंटिसची जागा असेल आणि मुलगी चालत असेल, तर इनबॉक्स करा. वशिला म्हणा हवं तर. आणि जवळपास मुलींच्या राहण्याची सोय काय आहे तेही कळवा, बहीण पहिलं तेच विचारते.