पाच वाचा, मगच मत द्या

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या शाळांत दरवर्षी एक निवडणूक होते आणि तिचा सगळा ताप आयांच्या डोक्याला होतो. १९९४ पासून तिथली लायब्ररी असोसिएशन हा उद्योग करतेय. ‘फॉरेस्ट ऑफ रीडिंग’ म्हणतात त्याला. गटांना नावं झाडांची, प्रत्येक गटात दहा कॅनेडियन पुस्तकं. किमान पाच वाचायची, मग एप्रिलमध्ये मत. बक्षीस कुणाला ते पोरं ठरवणार. आमचे चिरंजीव पाचवीत, म्हणजे ‘सिल्व्हर बर्च’चे मतदार. आईबापांना मत नाही. त्यांनी फक्त लायब्ररीच्या खेपा घालायच्या.

चिरंजीवांना हॉकीपलीकडे काही चालत नाही. यादी करणारे मात्र बेरकी. हॉकी एकच, बाकी कुठे युद्ध, कुठे भूत, कुठे मूलनिवासी घरातला मुलगा, कुठे नुकतीच देशात आलेली मुलगी.

“आई, तू वाच आणि मला गोष्ट सांग,” अशी तोड त्याने काढली. मी वाचायला घेतलं, कांदा परतता परतता सांगितलंही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथपालबाईंनी सहज विचारलं, “शेवटी कुत्र्याचं काय झालं?” कांदा करपल्यामुळे आमची गोष्ट कुत्र्यापर्यंत पोचलीच नव्हती.

“बोगस मतदान!” सासरे कडाडले. साताऱ्याकडचे निवृत्त मास्तर. निवडणुकीच्या ड्यूट्या करून केस पांढरे झालेले. पाच पुस्तकांची अट मात्र त्यांना बेहद्द आवडली. “आपल्याकडे जाहीरनामा खुद्द उमेदवारानेही वाचलेला नसतो, सूनबाई.”

मग त्यांनी नातवाला समोर बसवलं. भुताचं पुस्तक दिवसाउजेडी उरकलं. ज्याला सगळ्यात जास्त नाकं मुरडली होती, ते मूलनिवासी मुलाचं पुस्तक पठ्ठ्याने जेवतानाही सोडलं नाही. मधल्या पानावर आमटीचा पिवळाधमक ओघळ आला. भरपाई अर्थातच मी भरली. मत? हॉकीला!

मे महिन्यात टोरोंटोच्या हार्बरफ्रंटला बक्षीस समारंभ. पोरं फलक नाचवत लेखकांच्या नावाने किंचाळत होती. युद्धाचं पुस्तक पडलं तेव्हा माझ्या तोंडून “अरेरे” निघालं. शेजारी ग्रंथपालबाई होत्या. त्यांच्याजवळ मी कुरकुरले, “वाचलं मी जास्त, आणि मत मलाच नाही!”

“मोठ्यांसाठी ‘एव्हरग्रीन’ आहे की,” त्या म्हणाल्या. “तिथेही दहाच पुस्तकं.”

मी घाईघाईने विषय बदलला, पण सासऱ्यांनी यादी केव्हाच मागून घेतली होती. गाडीत बसल्यावर चष्मा पुसत म्हणाले, “सूनबाई, अक्षरं फार बारीक असतात गं यांची. तू वाच आणि मला सांग. मत मी देतो.”