वेलास्को, कूळकायदा आणि मताचा हक्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

१९६८ ते १९७५ या काळात पेरूवर लष्करी सत्ता गाजवणारे जनरल हुआन वेलास्को अल्वाराडो यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी मी लपवली. दोन, त्यांच्या सहकारी शेतीचा बोजवारा उडाला, तरी मी तिचं कौतुक केलं. आणि तिसरा, ज्यानं मला दोन दिवस झोप लागू दिली नाही: "आपल्याकडे कूळकायदा विधानसभेत झाला, रणगाडे लागले नाहीत. मग पेरूतल्या हुकूमशहाची आरती कशासाठी?"

वर्तमानपत्रांचं आधी सांगतो, कारण तिथे चूक माझीच आहे. २७ जुलै १९७४ रोजी वेलास्को सरकारनं लिमातली मोठी खासगी दैनिकं ताब्यात घेतली. 'एल कोमेर्सिओ' हे सर्वांत जुनं दैनिक शेतकरी संघटनांच्या हाती देऊ, असं जाहीर झालं. प्रत्यक्षात ते शेतकऱ्यांच्या हाती कधी आलंच नाही, सरकारी मर्जीतली माणसं तिथे बसली. १९८० मध्ये दैनिकं मूळ मालकांना परत मिळाली. माझा लेख जमिनीबद्दल होता ही सबब चालणार नाही. हा भाग मूळ लेखात घालतो आहे.

आता कूळकायदा. माझे आजोबा कूळ होते. सातबाऱ्यावर त्यांचं नाव वर्षानुवर्षं 'इतर हक्कां'त होतं, जमिनीची किंमत चुकती केल्याचं ३२ म चं प्रमाणपत्र मिळाल्यावर ते कब्जेदारांच्या रकान्यात आलं. तो उतारा त्यांनी मरेपर्यंत पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली जपून ठेवला होता. त्यामुळे कुळांना कायद्यानं जमिनीचे मालक मानलं तो १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन माझ्यासाठी पुस्तकातली तारीख नाही आणि तुमचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. पण जरा मागे जाऊन बघा. १९५२ च्या निवडणुकीत माझ्या अंगठेबहाद्दर आजोबांना मत होतं. आजीलाही होतं. आमदाराला त्यांच्या दारात यावं लागत होतं.

पेरूमध्ये निरक्षराला मतच नव्हतं. ती अट १९७९ च्या राज्यघटनेनं काढली आणि १९८० मध्ये निरक्षरांनी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष निवडायला मत दिलं. अँडीजमधला केचुआ बोलणारा शेतकरी, ज्याच्या गावात शाळा नाही आणि असली तर स्पॅनिशमध्ये, तो त्या संसदेच्या खिजगणतीत नव्हता. म्हणून तर १९६४ मध्ये, वेलास्कोंच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष बेलाउन्दे यांच्या निवडून आलेल्या सरकारनं जमीनसुधारणेचा कायदा आणला, तेव्हा संसदेत विरोधकांचं बहुमत असल्यानं तो कापून कापून लंगडा झाला आणि किनाऱ्यावरचे प्रचंड ऊसमळे त्यातून वगळले गेले. त्या मळ्यांत कसणाऱ्यांच्या बाजूनं बोलायला सभागृहात कोण होतं?

डोंगराकडच्या जमीनदारीत 'पोंगो' राबवण्याची प्रथा होती. कुळानं आपल्या तुकड्याच्या बदल्यात मालकाच्या शेतात राबायचंच, शिवाय पाळी आली की वाड्यावर जाऊन फुकट घरकाम करायचं. केचुआत 'पुंकू' म्हणजे दार. मालकाच्या दारापाशी झोपणारा तो पोंगो, असा या शब्दाचा उगम सांगतात. माणसाला दाराचं नाव!

२४ जून १९६९ रोजी वेलास्कोंनी जमीनसुधारणेचा कायदा जाहीर केला आणि लगेच सरकारी माणसं शिरली ती त्याच ऊसमळ्यांत, जे पाच वर्षांपूर्वी सुटले होते. तो दिवस तोवर 'इंडियनांचा' म्हणजे तिथल्या मूळनिवासींचा दिवस म्हणून पाळला जाई, त्याचं नाव त्यांनी 'शेतकऱ्यांचा दिवस' केलं. तुम्ही याला "नुसतं प्रतीक" म्हणालात. ज्याला 'इंडियो' ही शिवी म्हणून ऐकावी लागली, त्याला ते नुसतं वाटलं नसेल. मे १९७५ मध्ये केचुआला स्पॅनिशच्या जोडीनं राजभाषेचा दर्जा मिळाला. फक्त केचुआ येणाऱ्या पक्षकारांचे खटले १९७७ पासून केचुआत चालवावेत, अशी तरतूद त्या हुकुमात होती. अंमलबजावणी फारशी झाली नाही, हे मान्य. पण आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपल्या बांधाचा निकाल ऐकणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी.

सहकारी शेतीबद्दल तुमचं बरंचसं पटतं. ताब्यात घेतलेल्या मळ्यांच्या सहकारी संस्था केल्या, तिथे मळ्यावरचे कायम कामगार सभासद झाले, हंगामी मजूर आणि शेजारच्या गावांतले जुने हक्कदार बाहेर राहिले. हिशेब आणि कारभार वरून नेमलेल्यांच्या हाती गेला. १९८० च्या दशकात किनाऱ्यावरच्या बऱ्याच संस्थांनी जमीन वाटून टाकली. माझी वेलास्कोंबद्दलची खरी तक्रार इथेच आहे आणि ती तुमच्याहून वेगळी आहे. पिउरा शहरासमोरच्या कास्तीया गावात गरिबीत वाढलेला, १९२९ मध्ये बोटीत चोरून बसून लिमा गाठणारा आणि साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस. त्याला खालच्या माणसाचं दुःख कळलं, पण त्या माणसाला विचारावं असं वाटलं नाही. जवळजवळ सात वर्षं त्यांनी निवडणूक घेतली नाही. ज्या निरक्षराला जमीन दिली, त्याला मत दिलं नाही. ते देणं त्यांच्या एका सहीचं काम होतं.

२९ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचेच पंतप्रधान मोरालेस बेर्मूदेस यांनी दक्षिणेकडच्या ताक्ना शहरातून बंड करून त्यांना हटवलं. वेलास्कोंचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वीच आजारपणात कापावा लागला होता. त्यांना वाचवायला कोणी रस्त्यावर उतरलं नाही. आणि २४ डिसेंबर १९७७ रोजी ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेला लिमात माणसांचा पूर लोटला, लोकांनी शवपेटी आपल्या खांद्यांवर घेतली.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मूळ लेखात मी फक्त दुसरी लिहिली होती. आता पहिलीही तिच्या आधी लिहितो.

तुमचा,
ब्लॉगलेखक