मुलींनी खेळायचं कुठे?

सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसले, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली नोटीस वाचली आणि डोकंच फिरलं. हिंजवडी येईपर्यंत तीच नोटीस परत परत उघडून बघत होते. आत्ता जेवण आटोपून बसलेय. हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

नोटीस अशी की पार्किंगमध्ये आणि दोन विंगच्या मधल्या जागेत यापुढे क्रिकेट बंद. इथवर समजू शकते. गाड्यांच्या काचा फुटतात, गेल्या महिन्यात एकाच्या नव्या गाडीचा आरसा गेला, तो भुर्दंड खराच. पण त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘विशेषतः मोठ्या मुलींच्या पालकांनी लक्ष द्यावे, खाली ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले ये-जा करतात, बरे दिसत नाही.’

मोठ्या मुली म्हणजे कोण, तर पाचवी ते सातवीतल्या चार-पाच पोरी. शाळेतून येतात, दूध पितात, तासभर टेनिस बॉलने खेळतात, सात वाजता अभ्यासाला वर जातात. यात कोणाला काय बरं दिसत नाही? आणि ड्रायव्हर, डिलिव्हरीवाली पोरं बिचारी स्वतःच्या घाईत असतात, उलट बॉल गाडीखाली गेला तर काढून देतात. त्यांच्या माथी हे कशाला मारायचं?

हाच ग्रुप 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री, बायकांच्या वर्ल्ड कपच्या फायनलला, कसा होता ते मी पाहिलंय. क्लब हाउसमध्ये पडदा लावला होता. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तरी लोक हलले नाहीत. शफाली वर्माच्या 87 धावांना शिट्ट्या, दीप्ती शर्माच्या प्रत्येक विकेटला आरडाओरडा. दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ड्ट शतक ठोकून उभी होती तोवर सगळ्यांचा श्वास अडकलेला. मग मध्यरात्रीच्या सुमारास आपली कॅप्टन हरमनप्रीतने मागे पळत जाऊन तो शेवटचा कॅच घेतला आणि खाली फटाके सुरू झाले. आपण 52 धावांनी जिंकलो. मी रडले. माझ्या शेजारी बसलेल्या काकूही रडल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या स्टेटसला ‘आमच्या लेकी’. संघातली जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची, राधा यादव मुंबईची, स्मृती मानधना सांगलीची, कोच अमोल मुझुमदारही आपलेच. राज्य सरकारने या तिघींना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले, तेव्हा याच ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी संपत नव्हते.

लेकी आमच्या, पण खाली खेळायला आल्या की बरं दिसत नाही!

माझं गाव तासगावजवळ. आजूबाजूला द्राक्षबागा, आणि आमच्या घरामागे बेदाण्याच्या शेडलगतची मोकळी जागा. बेदाण्याचा हंगाम संपला की ती जागा आम्हा पोरांची. तिथेच मी लेगस्पिन, म्हणजे मनगटाने बॉल वळवायची बॉलिंग, टाकायला शिकले. शिकवलं कोणीच नाही, टीव्हीवर बघून मनगट वळवत बसायचे. बॉल पडून वळला की समोरचा पोरगा बॅट आपटायचा. एक मुलगा होता, उंचापुरा, आख्ख्या आळीत फटकेबाज म्हणून नाव असलेला. तो माझ्या बॉलिंगवर हमखास आउट व्हायचा.

आठवीत शाळेत वर्गावर्गांच्या मॅच होत्या. मी माझं नाव द्यायला गेले. आमचे पीटीचे सर खरंच भला माणूस, कधी कोणावर हात उगारला नाही. ते हसून म्हणाले, ‘तुझं अक्षर छान आहे बाळा, तू स्कोअर लिहायला बस.’ आणि मी बसले. झाडाखाली बाक, मांडीवर लांब रेघांची वही, टोक काढलेली पेन्सिल. बॉल निर्धाव गेला की ठिपका, विकेट पडली की डब्ल्यू, ओव्हर संपली की बेरीज. त्या उंचापुऱ्या मुलाच्या नावापुढे मी चौके लिहीत होते. त्याला कुठे बॉल टाकायचा हे मला माहीत होतं. तो पुढे तालुक्याच्या संघात गेला. त्याच्यावर माझा राग नाही, तो चांगलाच खेळायचा.

घरी आई म्हणाली, बरं झालं, उन्हात काळी पडशील. वडील काहीच बोलले नाहीत. शेडलगतचा खेळही मग हळूहळू बंद झाला. कोणी बंदी घातली असं नाही. संध्याकाळी काहीतरी काम निघायचं, एवढंच.

म्हणून आजची नोटीस माझ्या इतकी जिव्हारी लागली. त्या पोरींमध्ये एक सहावीतली आहे, डावखुरी. पळत येते ना, तेव्हा शेवटच्या पावलाला एक छोटी उडी मारते, आणि बॉल टाकून झाल्यावर वेणी मागे फेकते. बॉल टप्पा पडून आत येतो. मी ऑफिसमधून येताना रोज दोन मिनिटं थांबून बघते. आज संध्याकाळी आले तर जागा रिकामी. वॉचमन दादा म्हणाले, ‘ताई, मी काय करू, मला वरून सांगितलंय.’ त्यांना काय बोलणार.

कोणी म्हणेल, मग ॲकॅडमीत घाला की. घालणारे घालतात, फी परवडते ते. पण सुरुवात ॲकॅडमीत होत नाही हो. सुरुवात घराखालीच होते. जेमिमाच्या वडिलांनी तिच्या शाळेत मुलींचा संघ उभा केला, तेव्हा तिला खेळायला मिळालं. स्मृतीचा भाऊ खेळायचा, त्याच्या मागे ती गेली आणि अकराव्या वर्षी महाराष्ट्राच्या 19 वर्षांखालच्या संघात पोचली. सांगली आमच्या गावापासून पाऊण-एक तासावर. 2013 मध्ये स्मृतीने त्याच वयोगटाच्या एकदिवसीय मॅचमध्ये गुजरातविरुद्ध 224 धावा केल्या होत्या, नाबाद. रोहतकच्या शफालीला तर मुलींना घेतच नव्हते म्हणून केस कापून मुलगा बनून जावं लागलं. वर्ल्ड कपच्या मूळ संघात ती नव्हतीही. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलच्या आधी बोलावणं आलं आणि फायनलची सामनावीर तीच ठरली. या प्रत्येकीच्या मागे कोणीतरी एक माणूस उभा आहे ज्याने ‘बरं दिसत नाही’ला भीक घातली नाही.

मला आठवीत असं कोणी भेटलं असतं तर मी देशासाठी खेळले असते असं माझं म्हणणं नाही. बहुधा नसतेच खेळले. पण एका मॅचमध्ये तरी बॉलिंग टाकली असती ना! त्या मुलाला एकदा तरी सगळ्या शाळेसमोर आउट केलं असतं.

आणि हे आत्ताचं फॅड आहे असं समजू नका. बायकांचा पहिला वर्ल्ड कप 1973 सालचा, पुरुषांच्या पहिल्या वर्ल्ड कपच्याही दोन वर्षं आधीचा. शुभांगी कुलकर्णी आपल्या पुण्याच्या, लेगस्पिनर, 1976 मध्ये कसोटी खेळल्या, पुढे भारताच्या कॅप्टन झाल्या. पुण्याची लेगस्पिनर! मला हे नोकरीला लागल्यावर कळलं. शाळेत कोणी एवढं एक नाव सांगितलं असतं तरी मी ती वही कदाचित सरांच्या टेबलावर ठेवून आले असते. 2005 ला फायनल हरलो, 2017 ला लॉर्ड्सवर 9 धावांनी हरलो, आणि इतक्या वर्षांनी नवी मुंबईत कप हातात आला. मधल्या काळात या बायका कशा खेळत राहिल्या असतील याचा विचार केला की आजही गळा दाटतो.

हो, परिस्थिती सुधारलीय. 2022 मध्ये बीसीसीआयने, म्हणजे क्रिकेट बोर्डाने, बायका-पुरुषांची मॅच फी सारखी केली, 2023 पासून डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएलसारखी लीग, आहे. मान्य. पण ते वरच्या मजल्यावरचं झालं. खाली पार्किंगमध्ये काय चाललंय ते मी सांगतेय.

आता जागेचं. आमच्या सोसायटीत जागा नाही हे साफ खोटं आहे. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ती खेळण्या-बागडण्यासाठीच असते. आमच्याकडे ती आहे. तिथे लॉन लावलंय, भोवती साखळी आहे आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी आहे. त्या गवतावर कोणीच जात नाही. माळी पाणी घालतो, कापतो, परत पाणी घालतो. लग्नाच्या रिसेप्शनला मात्र त्यावर मांडव चालतो, खुर्च्या चालतात, जनरेटर चालतो. पाच पोरींच्या पायांनी ते गवत मरणार आहे का?

सेक्रेटरी काका वाईट नाहीत. माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा रात्री दोन वाजता स्वतः गाडी काढली होती त्यांनी. हे मी विसरणार नाही. त्यांच्यावर ओरडायचं नाही असं मी ठरवलंय. ते त्या पीटीच्या सरांसारखेच आहेत, मनाने चांगले, आणि मुलगी दिसली की तिला सावलीत बसवणारे. मला तर याच चांगुलपणाची जास्त भीती वाटते. वाईट माणसाशी भांडता येतं, ‘बाळा’ म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? आठवीतल्या मुलीला ते जमत नाही. मला आता जमतं.

रविवारी मीटिंग आहे. मी लेखी अर्ज देतेय. लॉनची साखळी काढा, पाटी काढा, संध्याकाळी साडेपाच ते सात ती जागा मुलांना आणि मुलींना द्या, बाजूला नेट लावा, नेटचा अर्धा खर्च मी देते. नोटिशीतली ती मुलींबद्दलची ओळ ग्रुपवरून मागे घ्या, आणि ज्यांनी टाकली त्यांनीच घ्या. तीन घरांनी सही केलीय, त्या डावखुऱ्या मुलीच्या आजीनेही केलीय. आणखी सह्या हव्यात. आमच्या सोसायटीतले जे इथे मित्रयादीत आहेत त्यांनी आज रात्रीच मेसेज करा, उद्यावर टाकू नका.

आणि बाकीच्यांना एक विनंती. मुलं मोठी झाली म्हणून घरात लहान बॅट पडून असेल, चार किंवा पाच नंबरची, तर मला हवी आहे. वाकड, बाणेर, औंध, कुठेही असा, मी येऊन घेऊन जाईन. ग्रिप फाटलेली असली तरी चालेल, बदलून घेते. टेनिस बॉल मी आणलेत.